निरगाठ

सुंदररावांची गाय त्यांच्याच सोयाबीनमध्ये शिरली, तेव्हा विजयमाला त्याच वावराच्या वरच्या अंगाला खुरपत होती. पावसानं उघडीप दिली होती. ओली माती खुरप्याला चिकटत होती, कंबरेत कळ धरली होती आणि बायांची ओळ वाकून पुढं सरकत होती. बांधावरून सुंदररावांची हाक आली तशी ओळ थांबली, पण मान कुणी वर केली नाही. हाक कुणासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"माले, हिकडं ये. बघ तुझ्या लेकीचे परताप."

सुंदरराव गावातले मोठे शेतकरी. माणूस वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. अडीनडीला दवाखान्यात जायला जीप द्यायचे, आणि दिलेली जीप पुढं दहा वर्षं बोलून दाखवायचे. विजयमालाचा नवरा सुग्रीव पावसाळाभर त्यांच्या गोठ्यावर राबायचा आणि दसरा झाला की दोघं नवराबायको पोरांना घेऊन ऊसतोडीला जायची. विजयमाला हातातलं खुरपं न टाकताच बांधावर गेली. तिथं सोयाबीनच्या ओळीच्या ओळी खाऊन, तुडवून भुईसपाट झाल्या होत्या.

"सुटली आसंल, मालक."

"सुटली न्हाई, सोडली. जनावर सुटलं तर दावं तुटतं. हितं गाठ सोडून दावं खुंट्याला गुंडाळून ठिवलंय. आनि गोठ्यात कोन घावलं? तुझी संस्कृती. हातात हा खिळा." त्यांनी एक गंजका, बोटाएवढा खिळा तिच्यासमोर धरला. "ह्यो काय परकार हाय? भानामती करती का काय?"

"बारकी हाय ती."

"बारकी हाय म्हनून बोलतोय. पैल्यांदा म्हैस सोडली, मी गप बसलो. मग वासरू सोडलं, सगळं दूध पिऊन बसलं, तवाबी गप बसलो. भाऊ खाल्ला, आता माझं पीक खाती व्हय? घरी बांधून ठिव तिला, न्हाईतर उंद्यापून कामाला यायचं न्हाई. तूबी, अन् सुग्रीवबी."

"भाऊ आगीनं खाल्ला," विजयमाला म्हणाली. "पोरीनं न्हाई."

ती हे मोठ्यानं म्हणाली खरी. पण मागं फिरून ओळीला लागल्यावर तिचं खुरपं तणाऐवजी सोयाबीनवरच चाललं. कारण हेच बोलणं, यापेक्षाही वाईट शब्दांत, तिनं स्वतः पोरीला ऐकवलं होतं. माघ महिन्यात, फडावर, सगळ्या टोळीसमोर.

तिकडं, कारखान्याच्या मुलखात, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोप्यांची रांग होती. अंधारातच मोठी माणसं कोयते घेऊन फडात जायची. मागं कोपीत आठ वर्षांची संस्कृती आणि दोन वर्षांचा पप्पू. पप्पू चालायला लागल्यापासून ट्रॅक्टरच्या रस्त्याला पळायचा, म्हणून त्याच्या कंबरेला जुनं दावं बांधून दुसरं टोक कोपीच्या मेढीला बांधायचे. टोळीतली सगळीच माणसं तसं करायची. गेल्या वर्षी एका लेकरावरून ट्रॉली गेली होती, तेव्हापासून तर जास्तच. त्या दुपारी वाऱ्यानं शेजारच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि कोप्यांची रांग पेटली. माणसं फडातून धावत येईपर्यंत काही उरलं नव्हतं. संस्कृती लांब पाण्याच्या चारीत पडलेली सापडली. तोंड रक्तानं भरलेलं, समोरच्या दाताचा कोपरा उडालेला. पळताना पडली असं सगळे म्हणाले. आणि विजयमाला तिला गदागदा हलवत ओरडली होती, "भावाला सोडवायचं सोडून पळालीस? त्याच्या जागी तू कावून न्हाई गेलीस?"

त्या दिवसापासून पोरगी बोलायची बंद झाली होती. गावी परत आली, शाळेत बसली, गुरुजी म्हणाले डोक्यानं कमी पडतीय. स्वयंपाकाचा धूर दिसला की ती घराच्या मागं जाऊन बसायची. आणि जनावरं सोडायची.

संध्याकाळी विजयमाला घरी आली तेव्हा दारातच तिचा पाय अडखळला. पत्र्याच्या सपराखाली संस्कृती मेढीला टेकून बसली होती आणि तिच्या पायाच्या घोट्याला दावं होतं. सुग्रीव शेजारी उकिडवा बसला होता. सासू, छबुबाई, उंबऱ्यात माळ ओढत होती.

"ह्ये काय?"

"मालकानं सांगितलंय," सुग्रीव म्हणाला. "दिवसाचं बांधू, रातचं सोडू. चार दिसांत सवय व्हईल."

"तिच्याकडं बघितलं का तुमी?"

त्यानं बघितलं नव्हतं. पोरगी लाकडासारखी ताठ झाली होती. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नव्हतं. ओठ काळेनिळे पडलेले, श्वास वरच्यावर. तिच्याखाली जमीन ओली झाली होती. विजयमालानं गाठीला हात घातला. गाठ सुग्रीवची होती, बैलाला मारायची. ओढावं तेवढी आवळणारी. दोन-तीनदा नख लावून ती उठली, आत गेली आणि आढ्याला खोचलेला कोयता काढून आणला. दुसऱ्या घावाला दावं तुटलं.

"आगं, नवं दावं हाय, पोळ्याला आनलेलं!" छबुबाई ओरडली.

"आसू द्या. ह्या घरात आता कुनी पोरीला दावं लावलं ना आत्या, तर ह्यो कोयता दाव्यावर थांबायचा न्हाई. सांगून ठिवते."

सुग्रीव तसा कधीच फार बोलायचा नाही, आणि पप्पू गेल्यापासून तर त्याच्या तोंडाला कुलूपच लागलं होतं. तुटलेल्या दाव्याचे तुकडे गोळा करून तो सुंदररावांकडं गेला आणि 'पोरीवर मी नजर ठिवतो' असा शब्द देऊन कामं टिकवून आला.

छबुबाईचं म्हणणं सरळ होतं. पप्पू पोरीच्या अंगात येतो आणि गुरं सोडतो. धर्मापुरीकडचा एक देवऋषी अंगातलं काढतो, त्याच्याकडं न्यावी. "त्यानं अमरसिंगाची सून बरी केली."

"बरी केली का गप केली?" विजयमाला म्हणाली. "धुरी देत्यात तितं. धूर बघितला तरी ही पोरगी मरायला व्हती, आन तिच्या नाकात धूर घालू व्हय?"

तिला एक गोष्ट ठाऊक होती. गावातली आशा कार्यकर्ती भिवराबाई म्हणाली होती की बीडच्या मोठ्या दवाखान्यात पोरांच्या मनाची तपासणी करतात; एक बाई आहेत, वर्षाराणी स्वामी म्हणून, कपिलधारकडच्या. छबुबाईनं ऐकून कपाळाला हात लावला. मनाची तपासणी म्हणजे येडं ठरवायचं. एकदा पोरगी येडी ठरली की तिचं लगीन कोण करणार, आणि घरावरचा शिक्का कोण पुसणार? तिचंही काही चुकत नव्हतं. गाव असंच आहे.

"लगीन लांब हाय, आत्या," विजयमाला म्हणाली. "आधी पोरगी तर जितीजागती ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी खुरपणीला दांडी मारून तिनं पाटोद्याहून एसटी धरली. संस्कृती खिडकीशी बसली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला की तिचं सगळं अंग आईच्या अंगावर आदळायचं, आणि पुढच्या बाकावरचा माणूस मागं वळून वळून बघायचा.

"काय बघता?" विजयमाला म्हणाली. "पोरगी हाय. तमाशा न्हाई."

वर्षाराणी मॅडम तिला वाटल्या होत्या त्यापेक्षा तरुण निघाल्या. खोलीत खेळणी, मातीचा गोळा, भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं. गोळी नाही, सुई नाही. मॅडमनी आधी विजयमालाला एकटीला आत घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. झोप कशी आहे? दचकते का? पूर्वी येत होतं ते आता विसरलीय का? एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळते का? आणि मग, आगीच्या आधी काय काय झालं? किती हंगाम फडावर गेली? तिथं कुणी मारायचं? उपाशी राहायची? एकटी राहायची?

विजयमाला आधी नीट बोलली, मग तिला राग यायला लागला.

"बाई, कोपी जळाली. भाऊ डोळ्यादेखत गेला. आनखी काय पायजे? आदीचं कशाला उकरता?"

"ताई, झाड एका वादळानं पडलं असं आपण म्हणतो," मॅडम म्हणाल्या. "पण मुळं आधीपासून उघडी पडलेली असली तर उपाय वेगळा करावा लागतो. एका दिवसाचा धक्का वेगळा आणि वर्षानुवर्षं भीतीत राहिलेलं लेकरू वेगळं. मला दोन्ही बघायचंय. ठरवायला तीनचार वेळा तरी यावं लागेल."

"रोजगार बुडतो."

"माहीत आहे. तरी या."

मग विजयमालानं सांगितलं. संस्कृती सहा महिन्यांची असल्यापासून दरवर्षी कोपीत. पाच वर्षांची झाल्यापासून चूल, पाणी, आणि पप्पू झाल्यावर त्यालाही सांभाळणं. भाकरी करपली म्हणून मार, पाणी सांडलं म्हणून मार. एकदा टोळीतला एक दारू पिऊन कोपीत शिरला होता, तेव्हा ती भावाला घेऊन अंधार पडेपर्यंत उसात लपून बसली होती. त्याबद्दलही मारच, कारण स्वयंपाक झाला नव्हता. सांगता सांगता विजयमालाचा आवाज बारीक होत गेला. हे सगळं तिला ठाऊक होतं, पण असं एका दमात तिनं कधी ऐकलं नव्हतं. स्वतःच्याच तोंडून ऐकताना तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला. स्वतःचा, सुग्रीवचा, मुकादमाचा, सगळ्या उसाचा.

"सगळ्या गावाची जनावरं सोडते का?" मॅडमनी शेवटी विचारलं.

विजयमाला उत्तर द्यायला गेली आणि थांबली. शेजारच्या मुंजाजीच्या शेळ्या दारातच बांधलेल्या असतात, त्यांना पोरगी कधी हात लावत नाही. अमरसिंगाची म्हैस रस्त्यावर असते, तिलाही नाही. "न्हाई," ती हळू म्हणाली. "निसती सुंदररावांची. आमचे घरधनी जितं बांधत्यात तितलीच."

पुढच्या खेपेला मॅडमनी संस्कृतीला तीन घागरींची चित्रं दाखवली. एक रिकामी, एक अर्धी, एक काठोकाठ. मी एक वाक्य म्हणते, तुझ्या मनात ते जेवढं असेल त्या घागरीवर बोट ठेव. बोलायची गरज नाही. विजयमाला कोपऱ्यात बसली होती. आत येताना पोरीनंच तिचा पदर सोडला नव्हता. वाईट स्वप्नं पडतात. भरलेली घागर. धुराचा वास आला की पळून जावंसं वाटतं. भरलेली. खेळायला आवडतं. रिकामी. आणि मग मॅडम त्याच आवाजात म्हणाल्या, "जे झालं, ते माझ्यामुळं झालं."

संस्कृतीनं भरलेल्या घागरीवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत दाबून धरलं. विजयमालानं पदर तोंडात कोंबला. ते वाक्य पोरीच्या मनात कुणी भरलं ते तिला माहीत होतं.

तिसऱ्या खेपेला पोरगी मातीशी खेळत होती. तिनं एक गाय केली, काडीचा खुंटा केला आणि मॅडमकडून सुतळी मागितली. मागितली म्हणजे हात पुढं केला. गायीला सुतळी बांधली, ओढून ओढून गाठ आवळली, आणि मग ती सोडवायला लागली. नखानं, मग दातानं. मॅडम तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाल्या, "घट्ट आहे ना गाठ?"

"सुटंना," संस्कृती म्हणाली.

विजयमाला जागच्या जागी गोठली. माघानंतर पोरीचा आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. घोगरा, जाडसर आवाज, जणू दुसऱ्याच कुणाचा.

"दातानं वडली. दात मोडला. पप्प्या रडत व्हता. कोयता नव्हता. कोयते समदे फडात." ती सुतळीकडं बघूनच बोलत होती. "मंग वरून पेटलेलं पडलं. मंग मला म्हाईत न्हाई."

"पुढचं आठवत नसेल तर नको आठवू," मॅडम म्हणाल्या. "आई सांगते, आता तुझ्याकडं खिळा असतो. तो कशाला?"

"खिळा घातला की सुटती. मला आता येती सोडवता. रोज येती."

विजयमाला उठली, पोरीजवळ गेली आणि जमिनीवर कोसळल्यासारखी बसली. तिला आता सगळंच आठवलं. आदल्या दिवशी पप्पू दावं सोडवून रस्त्यावर गेला होता. आणि त्या पहाटे सुग्रीव बांधत असताना तीच म्हणाली होती, घट्ट बांधा, काल सुटला व्हता. मग सुग्रीवनं बैलाची निरगाठ मारली होती. लेकराच्या नखाला, आठ वर्षांच्या पोरीच्या दाताला न सुटणारी. पोरगी पळाली नव्हती. आग डोक्यावर घेऊन गाठ चावत बसली होती, आणि आईबापानं तिला पळपुटी ठरवलं होतं.

"माझं चुकलं, लेकी," ती म्हणाली. "गाठ आमची व्हती. तुझी न्हाई. ऐकतीस का? गाठ तुझ्या आबानं मारली, मी मारायला लावली." ती रडली, आणि रडताना तिला पोरीचा हात आपल्या डोक्यावर आल्यासारखं वाटलं. वर बघितलं तर खरंच होता.

जाताना मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं. हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही. या दुखण्याला नाव आहे, आघातानंतरचा ताण. आणि हिच्याबाबतीत तो एका आगीचा नाही, आधीच्या सगळ्या वर्षांचा आहे. पोरगी हुशार आहे, घंटा वाजली तरी दचकते म्हणून शाळेत लक्ष लागत नाही. दर आठवड्याला यावं लागेल. बरी होईल, पण घाई चालणार नाही. आणि तीन गोष्टी पक्क्या: तिला बांधायचं नाही, तिला दोष द्यायचा नाही आणि यंदा कोपीत न्यायचं नाही.

"जनावरं सोडती त्याचं काय?"

"ती रोज भावाला सोडवते, ताई. त्या दिवशी जमलं नाही ते आता करून बघते. ज्या हातानं ती गाठ मारली, त्या हातानं कधी तिच्यासमोर सोडली तर बघा काय होतं ते."

घरी आल्यावर विजयमालानं सुग्रीवला सगळं सांगितलं. तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. ऐकता ऐकता तुकडा ताटात पडला. छबुबाई उंबऱ्यातून म्हणाली, "पोरं कायबी बोलत्यात."

"तिचा दात बघा, आत्या. दात बोलत न्हाई कायबी."

सुग्रीव उठून बाहेर गेला. विजयमाला त्याच्या मागं गेली. "यंदा मी फडावर येनार न्हाई. पोरगीबी न्हाई."

"मुकादमाला शब्द दिलाय."

"शब्द तुमी दिला. तुमीच जावा." ती थोडा वेळ त्याच्या पाठीकडं बघत राहिली. "एकदा तिला तोंडानं म्हना, गाठ माझी व्हती. मी म्हनले. जीव जात न्हाई म्हनल्यानं."

तो म्हणाला नाही. काही माणसांना ओझं उचलता येतं, पण खाली ठेवता येत नाही. सुग्रीव त्यातला होता.

पोळा आला. आदल्या दिवशी सुग्रीव सुंदररावांच्या बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून, 'आज आवतन घ्या, उंद्या जेवायला या' असं त्यांच्या कानात सांगून आला. गावात पहिला मान सुंदररावांच्या बैलाचा. मारुतीच्या पारापासून तो निघाला की मग बाकीचे. सणाच्या सकाळी सुंदररावांचा पुतण्या विजयसिंह दारात येऊन उभा राहिला, चप्पल न काढता.

"काकांनी सांगितलंय. आज समदी जनावरं बाहेर असत्यात. पोरीला आतमधी बांधून ठिवा. कायबी झालं तर गावाचा सण नासंल. ऐकलं न्हाई तर उंद्यापून आमच्या वावरात पाय ठिवायचा न्हाई."

"ऐकलं," विजयमाला म्हणाली.

तिनं चुलीवरचं पुरण उतरवलं. दुपारी पोरीची वेणी घातली, लाल रिबिनी बांधल्या. सकाळपासून पोरगी घराच्या मागं बसून होती. तिला तिनं हाताला धरून पुढच्या दारानं बाहेर काढलं. छबुबाई आडवी आली. "आगं, पोटावर पाय येईल आपल्या!"

"येऊ द्या. कापल्या उसाची मोळी डोक्यावर घिऊन फळीवरून ट्रॉलीत चढनारी बाई हाय मी. सुंदररावांचं वावर गेलं तर दुसऱ्याचं खुरपीन."

पारावर सगळं गाव जमलं होतं. बैलांना झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळा. सुंदररावांचा मानाचा बैल, पांढरा, डोंगराएवढा, पाराच्या लोखंडी कडीला बांधला होता आणि सुग्रीव त्याच्याजवळ उभा होता. हलगी वाजत होती. मायलेकींना येताना बघितलं आणि हलगीवाला आपोआप हळू झाला.

"सुग्रीव," सुंदरराव म्हणाले, "सांगितलं व्हतं ना?"

सुग्रीवनं बैलाची झूल उगाच सारखी केली.

"त्येंना कावून इचारता?" विजयमाला म्हणाली. "मला इचारा. मी आनली तिला. सनाला आनली. तुमच्या घरच्या लेकी आल्यात, तशी आमचीबी आली."

"तिनं बैल सोडला आन गर्दीत घुसला म्हंजे?"

"सोडनार न्हाई." असं म्हटलं खरं, पण तिला तरी कुठं खात्री होती? कारण पोरीनं तिचा हात सोडला होता आणि सरळ बैलाकडं चालायला लागली होती. बाया मागं सरल्या. विजयसिंह पुढं झाला, तशी विजयमाला त्याच्या आणि पोरीच्या मधे उभी राहिली.

"हात लावू नको. ती माझी हाय."

संस्कृती कडीजवळ थांबली. गाठीकडं बघितलं. फ्रॉकच्या खिशात हात घातला, कुठून तरी मिळवलेला दुसरा खिळा काढला, पण गाठीत घातला नाही. गाठीवर नुसतं बोट ठेवलं, त्या भरलेल्या घागरीवर ठेवलं होतं तसंच. आणि त्या घोगऱ्या आवाजात, सगळ्या गावासमोर म्हणाली, "ही आबाची गाठ हाय."

पोरगी मुकी झाली असं समजणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली.

"आमच्या पप्प्यालाबी हीच व्हती. दातानं न्हाई सुटत ही." तिनं ओठ वर करून तुटका दात दाखवला. कुणाला दाखवला ते कळलं नाही, सगळ्यांनीच बघितला. छबुबाई मागून आली होती, ती मटकन पाराच्या पायरीवर बसली.

सगळ्यांच्या नजरा सुग्रीवकडं वळल्या. त्याचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता. तो गुडघ्यावर बसला, पोरीच्या उंचीला आला.

"माझी व्हती," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गाठ माझी व्हती. निरगाठ. मी मारली. पोरगी पळाली न्हाई. गावानं ऐका, पोरगी पळाली नव्हती."

विजयमालाचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. मान ताठ ठेवून ती उभी राहिली.

सुग्रीवनं पोरीसमोर ती गाठ सोडली. त्याचीच गाठ, त्यालाही वेळ लागला. मग दावं पुन्हा कडीतून घेऊन दुसरी गाठ मारली आणि मोकळं टोक पोरीच्या हातात दिलं. "ही सुरगाठ. वड."

संस्कृतीनं ओढलं. दावं एका झटक्यात सुटून खाली पडलं. ती त्याच्याकडं बघत राहिली. हातातला खिळा तिनं पारावर ठेवला.

"बैल पळंल!" विजयसिंह ओरडला.

बैल कुठंच गेला नाही. कान हलवून जागच्या जागी उभा राहिला. पोरीनं दावं उचललं, बापाकडं बघत स्वतः सुरगाठ मारली आणि ओढली. सुटली. पुन्हा मारली. पुन्हा सुटली. उन्हं कलायला लागली होती. गावातले सगळे बैल खोळंबले होते. हलगीवाला सुंदररावांकडं बघत होता, आणि सुंदरराव आपल्या पायांकडं.

"किती येळ?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

विजयमालानं पदर कंबरेला खोचला आणि गावाकडं तोंड करून उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "मानाचा हाय. तिच्या हातानं, तिला वाटंल तवा सुटंल."

आणि गाव थांबलं.